पाहणारं कोणी नसताना

आज बसून एकच गोष्ट पाहू या: एक फाईल डाउनलोड होते, ती. डोळे मिटायचे नाहीत. जे काम आपण रोज उघड्या डोळ्यांनी करतो आणि तरी कधी बघत नाही, ते आज सावकाश बघायचं आहे. बटण दाबलं, फाईल आली, उघडली, झालं. एवढंच करतो असं आपल्याला वाटतं. पण त्या दहा-पंधरा सेकंदांत आपला डोळा बरीच कामं गुपचूप उरकत असतो आणि त्याचा हिशेब त्याला कोणी विचारत नाही. तो हिशेब मांडायचा तर त्या कामातून डोळाच बाजूला काढून बघावं लागतं.

हेडलेस ब्राउझर ते आयतंच करून देतो. क्रोम तोच, पानं तीच, बटणंही तीच. पडदा तेवढा नसतो. कोड सांगतो, या पत्त्यावर जा, इथे नाव भर, ते बटण दाब. ब्राउझर ते सगळं करतो, पान रचतो, पण कुठल्याही काचेवर काही उमटत नाही. त्यातून हा ब्राउझर बहुधा आपल्या टेबलावरही नसतो. तो क्लाउडवरच्या एखाद्या कंटेनरमध्ये चालतो, म्हणजे कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या, आपण जन्मात न पाहिलेल्या यंत्राच्या एका कोपऱ्यात.

हे सगळं वीसएक वर्षांतलं आहे. २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्सने सेलेनियम लिहायला घेतलं ते तपासणीसाठी, त्याच त्याच क्लिक माणसाने करत बसू नयेत म्हणून. तेव्हा ब्राउझर खिडकी उघडून, सगळ्यांच्या देखत आपोआप चालायचा आणि बघणाऱ्याला गंमत वाटायची. २०११ मध्ये आरिया हिदायतचं फँटम-जेएस आलं आणि खिडकी गेली. २०१७ मध्ये क्रोमनेच हेडलेस रूप दिलं, त्याच वर्षी गुगलकडून, कोडमधून क्रोम चालवायला, पपेटिअर आलं, २०२० मध्ये त्याच कामासाठी मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट. इतिहास इथेच सोडू. आपल्याला फाईलकडे जायचंय.

समोर एक साधं उदाहरण ठेवू. एका मध्यम कारखान्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर चालतं. त्याला रोज एका पुरवठादाराच्या पोर्टलवरून कालचं स्टेटमेंट हवं असतं. पोर्टलला एपीआय नाही, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे थेट माहिती मागायची सोय नाही. आहे ते लॉगिनचं पान, तारखांचे दोन रकाने आणि ‘एक्स्पोर्ट टू एक्सेल’ असं एक हिरवं बटण. आतापर्यंत अकाउंट्समधल्या मॅडम सकाळी आल्या आल्या, पर्स टेबलावर ठेवून आधी हे करायच्या. आता ते काम कंटेनरमधल्या क्रोमकडे दिलंय आणि मॅडम यायच्या आत, पहाटेच ते उरकायचं ठरलंय.

मॅडमना मनात बसवा. त्यांच्या खुर्चीमागे उभे राहा. घाई करू नका, त्या करतायत ते नुसतं बघत राहा.

बटण दाबलं. फाईल ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये गेली. कुठे गेली हा प्रश्न मॅडमना पडत नाही, कारण यंत्र त्यांचं, लॉगिन त्यांचं, फोल्डर त्यांचं. काल गेली तिथेच आज गेली आणि उद्याही तिथेच जाणार. कंटेनरमध्ये यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. हेडलेस क्रोम नवीन होता तेव्हा तर तो फाईल उतरवून घ्यायलाच तयार नसायचा. बटण दाबलं जायचं, एरर यायची नाही, फाईलही यायची नाही. त्यात लबाडी काही नव्हती. समोर कोणी बसलेलं नसताना एखाद्या अनोळखी साइटने डिस्कवर काहीतरी लिहून जावं, हे धोक्याचंच. म्हणून डेव्हटूल्स प्रोटोकॉलमधून, म्हणजे कोडने क्रोमशी बोलायच्या भाषेतून, त्याला ‘सेट डाउनलोड बिहेवियर’ असा हुकूम द्यावा लागायचा, आणि फोल्डर ठरवायला तो आजही देतात. हुकमात दोन गोष्टी असतात: परवानगी आहे, आणि अमुक फोल्डरमध्ये टाक. मॅडमनी या दोन्ही गोष्टी कधी तोंडाने सांगितल्या नव्हत्या. त्यांचं तिथे बसणं हीच परवानगी होती.

फोल्डर सांगितलं, पण कुणाचं फोल्डर? इथे जरा रेंगाळू, कारण या कामात जितके तास वाया जातात त्यांतले पुष्कळसे याच जागी जातात. आपला कोड एका यंत्रावर चालतो आणि ब्राउझर दुसऱ्याच यंत्रावर, अशी मांडणी क्लाउडवर सर्रास असते; सेलेनियम ग्रिड त्याच कल्पनेवर उभं आहे. कोड क्लिक करायला सांगतो, क्लिक तिकडे होतो, फाईल तिकडच्या डिस्कवर उतरते आणि कोड आपल्या बाजूचं फोल्डर उघडून बघतो. रिकामं. पुन्हा बघतो. रिकामं. फाईल आलेली असते, अगदी पूर्ण, धडधाकट आलेली असते, फक्त कोड जिथे बघतोय तिथे नाही. प्लेराइट इथे बरंच समजूतदार वागतं. लांबच्या ब्राउझरशी जोडलेलं असताना त्याला उतरलेल्या फाईलचा मार्ग विचारला तर ते सरळ एरर देतं, पण ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हटलं तर ती फाईल तारेवरून इकडे ओढून आणतं. खोटा पत्ता देण्यापेक्षा एरर देणं केव्हाही बरं.

जागा सापडली, असं समजू. ती किती वेळ आपली? मॅडमच्या डाउनलोड्समध्ये तीन वर्षांपूर्वीची लग्नपत्रिकाही पडून असते. क्लाउडवर असं पसरून बसता येत नाही. हेरोकू या सेवेवर डायनो, म्हणजे तिथला कंटेनर, दिवसातून एकदा तरी नव्याने सुरू होतो आणि त्याच्या डिस्कवर लिहिलेलं सगळं जातं. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डामध्ये ‘टेम्प’ हे एकच फोल्डर लिहिण्यासाठी मोकळं. मुळात ५१२ मेगाबाइट, मागून घेतलं तर १०,२४० मेगाबाइटपर्यंत. गुगलच्या क्लाउड रनमध्ये तर साधारणपणे डिस्क म्हणून जे दिसतं ती स्मृतीच असते. मोठी फाईल उतरली की तेवढी रॅम गेली, आणि क्रोम आधीच रॅमचा भुकेला. प्लेराइटही स्वतः उतरवलेल्या फाईली तो ब्राउझर-कॉन्टेक्स्ट बंद होताच पुसून टाकतं.  

मग एक उलटी गोष्टही ध्यानात घ्या. जे पुसलं जाईल म्हणून आपण धास्तावतो, ते कधीकधी पुसलं जात नाही. लॅम्डाचं तेच पर्यावरण लगेच पुढच्या कामाला वापरलं गेलं तर टेम्पमधली कालची फाईल तिथेच असते. कोड म्हणतो, फोल्डरमध्ये एक्सेल फाईल आहे का? आहे. उचलतो, पुढे पाठवतो. आजचं बटण दाबलं गेलंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मॅडमची अशी फसगत होत नाही, कारण फाईल येताना त्यांनी पाहिलेली असते. त्यापेक्षा वाईट म्हणजे ती उरलेली फाईल दुसऱ्याच ग्राहकाची असते तेव्हा. म्हणून दर कामाला नवं, रिकामं, वेगळ्या नावाचं फोल्डर करायचं आणि काम संपल्यावर आपल्या हाताने पुसायचं. कोणीतरी पुसेल, आपोआप जाईल, या भरवशावर राहायचं नाही.

आता वाट पाहण्याकडे या. इथे सगळ्यात जास्त वेळ बसायचं आहे.

बटण दाबल्यावर मॅडम काय करतात? बघा. काही करत नाहीत. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक छोटं चक्र फिरतं, त्याकडे अर्धवट नजर असते. तेवढ्यात शेजारणीला काहीतरी विचारून घेतात. चक्र थांबलं की हात आपोआप माउसकडे जातो. किती सेकंद गेले, हे त्यांना सांगता येणार नाही. सेकंद त्या मोजतच नव्हत्या.

नवशिका कोड मात्र सेकंद मोजतो. बटण दाब, पाच सेकंद झोप, फाईल उचल. पाच कुठून आले? आपल्या लॅपटॉपवर दोन सेकंदांत आली होती, म्हणून वर तीन हातचे धरले. महिनाअखेरीस पोर्टलवर गर्दी होते, स्टेटमेंट मोठं असतं, आठ सेकंद लागतात. मग कुणीतरी पाचाचे दहा करतं. पुढे तीस. तीस केल्यावर उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस दिवस फुकटची झोप आणि मार्चअखेरीला तरीही पंचाईत. दूध तापवत ठेवून घड्याळाकडे बघत बसणाऱ्याचं दूध एक तर कच्चं राहतं नाही तर उतू जातं. बघायचं असतं ते दुधाकडे.

इथलं दूध कुठे असतं, तेही पाहू. फाईल उतरत असताना क्रोम तिला खरं नाव देत नाही. शेवटी ‘डॉट सीआरडाउनलोड’ असं शेपूट असलेलं नाव देतो. फोल्डरमध्ये नजर टाकली तर ती शेपूटवाली फाईल दिसते, तिचा आकार वाढत असतो, मग एका क्षणी शेपूट गळून पडतं आणि खरं नाव दिसतं. ते शेपूट असेपर्यंत हात लावायचा नाही. हा जुना, खेडवळ पण बऱ्यापैकी खरा उपाय. अर्धी उतरलेली फाईल उचलली तर ती उघडते न उघडते, आणि कधीकधी दुर्दैवाने उघडतेही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ब्राउझरलाच बोलू देणं. तो बोलतो. ‘डाउनलोड विल बिगिन’ म्हणतो, म्हणजे सुरू होतंय. त्यानंतर प्रगती सांगत राहतो, इतके बाइट आले, इतके आले. आणि दर वेळी तीनपैकी एक अवस्था कळवतो: चालू, पूर्ण, किंवा रद्द. फाईल सुरू होणं आणि फाईल पूर्ण होणं या दोन वेगळ्या बातम्या आहेत. प्लेराइटमध्ये ‘डाउनलोड’ ही घटना घडली, एवढ्यावर नाचू नये. ती आरंभाची बातमी असते. ‘सेव्ह अ‍ॅज’ला थांबायला सांगितलं की ते पूर्ण होईपर्यंत थांबतं.

अजून एक बारीक गोष्ट आहे, आणि तिच्यापाशी थोडं जास्त थांबण्यासारखं आहे. ऐकायला कधी बसायचं? आपल्याला स्वाभाविक वाटतं ते असं: आधी बटण दाबू, मग वाट बघू. कोडमध्ये हाच क्रम लिहिला तर काम दहातल्या नऊ वेळा होतं आणि दहाव्या वेळी लटकतं. कारण क्लिक आणि ऐकणं यांच्या मधल्या क्षणार्धात घटना घडून गेलेली असते. बातमी आली, ऐकणारा जागेवर नव्हता, आणि आता तो अशा बातमीची वाट बघत बसलाय जी पुन्हा येणार नाही. म्हणून प्लेराइटची पद्धत उलटी: आधी ‘वेट फॉर इव्हेंट’ लावायचं, त्याचं वचन, म्हणजे कोडमधलं ‘प्रॉमिस’, हातात धरायचं, मग क्लिक करायचं, मग त्या वचनाशी थांबायचं. तीन ओळींचा कोड आहे. पहिल्यांदा वाचताना क्रम चुकल्यासारखा दिसतो. मॅडम मात्र हा क्रम कायम पाळत आल्या आहेत: बटण दाबायच्या आधीपासूनच त्या पडद्याकडे बघत होत्या.

आणि वाट पाहायलाही शेवट हवा. लॅम्डावर एक काम जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं, त्यानंतर ते मधेच तोडलं जातं. निरोप नाही, आवराआवर नाही. आपणच त्याआधी थांबायचं ठरवलं असेल तर निदान ‘आली नाही’ एवढं तरी लिहून ठेवता येतं.

फाईल पूर्ण आली. आता तिचं नाव वाचा.

नाव कोण ठेवतं? बहुतेक वेळा सर्व्हर. उत्तरासोबतच्या ‘कन्टेन्ट डिस्पोझिशन’ या ओळीत तो सांगतो की ही फाईल दाखवायची नाही, उतरवायची आहे आणि तिचं नाव हे. नाव इंग्रजी असेल तोवर सगळं सुरळीत. समजा पोर्टल मराठी आहे आणि नाव आहे ‘जमाखर्च’. वाचताना चार अक्षरं. संगणकाला मात्र ती सात चिन्हं: ज, म, काना, ख, र, हलन्त, च. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे २१. त्या ओळीतून सुरक्षित पाठवायची तर प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं अशा रूपात लिहिला जातो, म्हणजे ६३ अक्षरं. लिनक्सवर फाईलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा. देवनागरीत ती ८५ चिन्हांवर संपते, आणि सरकारी पद्धतीचं एखादं लांबलचक नाव तिथवर पोचायला फारसं दमत नाही. सर्व्हरने ही काळजी घेतली नसेल तर नावाच्या जागी एक वेगळीच रांगोळी दिसते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे चार पायांचं चलनचिन्ह, पुन्हा तोच ए, पुन्हा तेच चिन्ह. मराठी माणसाने ही रांगोळी ईमेलमध्ये, एक्सेलमध्ये, वीजबिलाच्या पीडीएफच्या नावात, कुठे ना कुठे पाहिलेली असतेच. मॅडम ती बघून म्हणतात, हीच ती. कोड म्हणतो, ‘जमाखर्च’ नावाची फाईल सापडली नाही.

यावर शहाणपण हे की पोर्टलने दिलेल्या नावावर विसंबायचंच नाही. आलेल्या फाईलला आपण आपलं नाव द्यायचं. पुरवठादार, तारीख, कामाचा क्रमांक. मूळ नाव नोंदवहीत वेगळं लिहून ठेवायचं. क्रोममध्ये तशी सोयही आहे: फाईलला एक अद्वितीय सांकेतिक नाव देऊनच उतरव, असं सांगता येतं.

काही वेळा तर फाईल सर्व्हरकडून येतच नाही. आकडे आधीच पानात आलेले असतात, आणि हिरवं बटण दाबल्यावर पानातलाच जावास्क्रिप्ट त्यांची एक्सेल फाईल जागच्या जागी बनवून ब्राउझरच्या हाती ठेवतो. नेटवर्कवर पहारा ठेवून बसलेल्याला काहीच जाताना-येताना दिसत नाही. याउलट कधी बटणाखाली एक साधा पत्ता असतो. लॉगिनची कुकी घेऊन तोच पत्ता थेट मागितला की क्लिक, पडदा, फोल्डर, कशाचीच गरज उरत नाही. माझं मत विचाराल तर ब्राउझर चालवणं हा शेवटचा उपाय असावा. आधी एपीआय मागावा, मग बटणाखालचा पत्ता शोधावा, दोन्ही नाही जमलं तर क्रोमला कामाला लावावं. पुष्कळ जण हा क्रम उलटा लावतात, कारण चालणारा ब्राउझर दाखवायला छान दिसतो. हेडलेस झाल्यावर तोही दिसत नाही.

आता फाईल उघडा. सावकाश.

मॅडम फाईल उघडतात तेव्हा एक्सेल पिवळ्या त्रिकोणासह बजावतं की फाईलचं स्वरूप आणि तिच्या नावाचं शेपूट जुळत नाही, तरी उघडायची का? मॅडम ‘यस’ दाबतात. रोज दाबतात. वाचायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय. ती सूचना खरी असते. अनेक पोर्टलं एक्सेल म्हणून जे देतात तो प्रत्यक्षात वेबपानातला एक तक्ता असतो, नुसतं ‘डॉट एक्सएलएस’ असं नाव चढवलेला. एक्सेल तो समजून घेतं, मॅडमना फरक पडत नाही. कोडला पडतो. खरी ‘एक्सएलएसएक्स’ फाईल आतून झिप असते आणि तिची पहिली दोन अक्षरं असतात ‘पी’ आणि ‘के’. झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं. १९८९ पासून ती जगातल्या अगणित फाईलींच्या माथ्यावर बसली आहेत. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या तीन अक्षरांनी होते. आलेल्या फाईलची ही पहिली दोन-चार अक्षरं वाचणं हे मशीनसाठी क्षणाचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे होणारा घोटाळा ठरलेला: रात्री पोर्टलने लॉगिन मोडलं, फाईलच्या बदल्यात लॉगिनचं पान पाठवलं, ते पान एक्सेलच्या नावाने जतन झालं, आकार शून्य नाही, एरर नाही, सगळे दिवे हिरवे. आत मात्र एकच वाक्य, ‘कृपया पुन्हा लॉगिन करा’.

एखादा म्हणेल, मग अडचणीच्या वेळी पानाचा फोटो काढून ठेवू. हेडलेस ब्राउझर स्क्रीनशॉट काढतो, आणि ती चांगली सवय आहे; गेलेला डोळा थोडा वेळ उसना आणल्यासारखं होतं. पण काटकसरीने बनवलेल्या कंटेनरमध्ये देवनागरी फाँट नसतो. पोर्टल मराठीत स्पष्ट सांगतंय की सत्र संपलं, आणि फोटोत त्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग. नोटो सान्स देवनागरी बसवला की चौकोनांची अक्षरं होतात. ही एक ओळ कंटेनर रचणाऱ्या डॉकरफाईलमध्ये मराठी पोर्टलांशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी लिहून टाकावी.

अक्षरं जुळली, फाईल खरी एक्सेल निघाली. तरी मॅडमचा डोळा अजून थांबलेला नाही. तो झरझर खाली जातो, शेवटच्या ‘एकूण’च्या ओळीवर टेकतो आणि वर येतो. आकडा साधारण कालपरवासारखा आहे का? गुढीपाडव्याचं स्टेटमेंट रिकामं आलं, नुसते मथळे, तर मॅडमना त्यात काही वावगं वाटत नाही. पुरवठादाराचं गोदाम बंद होतं. एखाद्या साध्या मंगळवारचं तसंच रिकामं आलं तर त्या लगेच फोन उचलतात. दोन्ही फाईली दिसायला सारख्याच. फरक फाईलमध्ये नाही, कॅलेंडरमध्ये आहे. हे कोडला शिकवता येतं, सुट्ट्यांची यादी देऊन, ओळींची बेरीज ‘एकूण’शी ताडून, नेहमीच्या मानाने फारच कमी ओळी आल्या तर माणसाला हाक मारून. पण शिकवायचं काय हे कळायला आधी मॅडमच्या मागे उभं राहावं लागतं, आणि तेच सहसा कोणी करत नाही.

कॅलेंडर म्हटल्यावर ‘आज’ आणि ‘काल’ या शब्दांकडेही बघू. आपण काम लावलं पहाटे चारला. मॅडमच्या भिंतीवरच्या घड्याळात आज बुधवार. लॅम्डाचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे तिथे अजून मंगळवारची रात्र साडेदहा. कोडला ‘कालचं स्टेटमेंट’ म्हटलं की तो सोमवारचं आणतो. रोज आणतो, न चुकता. सकाळी साडेपाचनंतर तेच काम लावलं असतं तर ते बरोबर निघालं असतं, म्हणून दुपारी तपासणी करणाऱ्याला दोष सापडत नाही. त्यात भर तारीख लिहिण्याच्या तऱ्हेची. सर्व्हरवरचा ब्राउझर बहुधा अमेरिकी इंग्रजी समजून बसलेला असतो आणि पोर्टल त्याच्याकडे बघून तारखेचा रकाना ठरवत असेल तर ३ एप्रिलऐवजी ४ मार्च मागितला जातो. तेराव्या तारखेपासून पुढे तो घोटाळा आपोआप उघडा पडतो, कारण तेरावा महिना नसतो. बारा तारखेपर्यंत मात्र बेमालूम चालतो. उपाय साधा आहे: ब्राउझरला टाइमझोन आणि भाषा आपण सांगायची, ‘एशिया-कोलकाता’ असं नाव घेऊन, आणि तारीख नेहमी कोडने मोजून, पूर्ण लिहून द्यायची. ‘आज’ हा शब्द माणसांपुरता ठेवायचा.

एक प्रश्न अजून बाकी आहे आणि तो यंत्राचा नाही. हे क्लिक कोणाच्या नावाने होतायत?

मॅडम लॉगिन करायच्या तेव्हा त्यांच्या नावाने त्याच करायच्या. आता त्यांच्या नावाने दुसरंच कोणी करतंय. ओटीपी अजून त्यांच्याच फोनवर येतो, पहाटे चारला, आणि त्या झोपलेल्या असतात. मग कोणीतरी सुचवतं की ओटीपीचा फोन सर्व्हरला जोडू या. इथे पाय मागे घ्यावा, असं मला वाटतं. पुरवठादाराला सांगून स्वयंचलित कामासाठी वेगळं खातं मागावं, फक्त स्टेटमेंट वाचण्यापुरतं. ते देत नसतील तर त्यांच्या नियमांत हे बसतं का ते विचारावं. ब्राउझर स्वतः या बाबतीत प्रामाणिक आहे: २०१८ मध्ये शिफारस ठरलेल्या डब्ल्यूथ्रीसीच्या वेबड्रायव्हर मानकात अशी खूण आहे की पानाने विचारलं तर ब्राउझर कबूल करतो, मला यंत्र चालवतंय. ती खूण पुसण्याच्या युक्त्या बाजारात पुष्कळ मिळतात. ज्या कामाला ती खूण पुसावी लागते ते काम आधी परवानगीच्या टेबलावर न्यावं. बाकी सगळं नंतर.

मॅडमनी फाईल वाचली, आकडे बरोबर. पुढे त्या फाईल ‘स्टेटमेंट्स’ फोल्डरमध्ये ओढून टाकायच्या. आपल्या कंटेनरला मात्र ती बाहेर नेऊन द्यायची आहे, स्वतः मिटायच्या आत. नेण्याची जागा म्हणजे बहुधा क्लाउडवरच्या साठवणीतली एखादी बकेट. अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही साठवणसेवा २००६ च्या मार्चमध्ये सुरू केली तेव्हापासून हा शब्द आपल्या बोलण्यात आला. हिशेबाची फाईल भारतातच राहावी असं ज्यांना वाटतं त्यांची आता सोय आहे: मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे, २०१५ पासून, अ‍ॅमेझॉनचं मुंबई रिजन २०१६ पासून. चाकणच्या कारखान्याचं स्टेटमेंट एका न दिसणाऱ्या यंत्रावर उतरून काही किलोमीटरवरच जाऊन बसू शकतं.

इथेही ‘पाठवली’ आणि ‘पोचली’ यांत अंतर ठेवावं. बकेटकडून होकार येईपर्यंत टेम्पमधली प्रत पुसायची नाही, ब्राउझर बंद करायचा नाही, आणि काम पूर्ण झाल्याचंही लिहायचं नाही. होकार आल्यावर नोंद करायची ती अशी की पुढे कोणी विचारलं तर बोटाने दाखवता यावी: मूळ नाव, आपलं नाव, किती बाइट, किती ओळी, ‘एकूण’चा आकडा, आशयावरून काढलेली शा-२५६ची ६४ अक्षरी खूण, आणि वेळ दोन्ही घड्याळांची. मॅडमचा डोळा जे बघून विसरून जायचा, ते इथे लिहून ठेवावं लागतं.

मग मॅडमना दुवा जातो आणि त्या तो दाबून तीच फाईल दुसऱ्यांदा डाउनलोड करतात, यावेळी स्वतःच्या यंत्रावर, चक्राकडे अर्धवट नजर ठेवून. हा दुवा सहीचा असतो, ठरावीक मुदतीचा; एस-थ्रीमध्ये जास्तीत जास्त सात दिवसांचा. ईमेलमध्ये तो तसाच चिकटवला आणि मॅडम गणपतीला कोकणात गेल्या, तर परत आल्यावर पहिल्या काही दिवसांचे सगळे दुवे मेलेले सापडतात. ईमेलमध्ये आपल्याच सॉफ्टवेअरच्या पानाचा पत्ता द्यावा. मॅडमनी लॉगिन करून बटण दाबलं की त्या क्षणी नवा दुवा तयार व्हावा, पाच मिनिटांच्या मुदतीचा. पाच मिनिटं पुरतात, दुवा मिळाल्या मिळाल्या ब्राउझर फाईल आणायला लागतो.